‘सुझॅन’ मराठीत गायची आहे: परवानगीची हकिकत

कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन, त्याचं ‘सुझॅन’ हे इंग्रजी गाणं मी मराठीत केलं, त्याची रीतसर परवानगी काढली आणि २०२५ च्या जूनमध्ये ते गाण्यांच्या अ‍ॅपवर चढलं. ऐकणारे फार नाहीत. पण ज्यांनी ऐकलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी फोन करून गाण्याबद्दल एखादं वाक्य आणि परवानगीबद्दल ढीगभर प्रश्न विचारले. कुणाला बॉब डिलनची गाणी मराठीत आणायचीयत, कुणाच्या वहीत फ्रेंच गाण्यांची भाषांतरं वर्षानुवर्षं पडून आहेत. अडतंय सगळ्यांचं एकाच ठिकाणी: पहिलं दार कुणाचं ठोठवायचं? म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी वकील नाही. बँकेत नोकरी करते आणि संध्याकाळी गाते. आधीच सांगून ठेवते, माझे मराठी शब्द इथे वाचायला मिळणार नाहीत. का, ते ओघात येईलच.

गाणं कुणावर आहे याबद्दल बराच घोळ असतो, तो आधी मिटवू. कोहेनच्या मुलांच्या आईचं नाव सुझॅन एलरॉड, त्यामुळे गाणं तिच्यावरच असणार असं अनेक जण धरून चालतात. ती त्याच्या आयुष्यात नंतर आली. गाण्यातली सुझॅन म्हणजे माँट्रियालची नर्तकी सुझॅन व्हर्दाल. शिल्पकार आर्माँ व्हायांकूर हा तिचा नवरा. १९६५ च्या सुमारास ती त्याच्यापासून वेगळी होऊन सेंट लॉरेन्स नदीजवळ, जुन्या बंदराच्या भागात राहत होती. कोहेन तिच्याकडे जायचा. ती त्याला संत्र्याच्या सालीचा स्वाद असलेला मसाल्याचा चहा करून द्यायची, मग दोघं नदीच्या बाजूने फिरायला निघायची. जवळच नोत्र-दाम-द-बों-सकूर हे खलाशांचं चर्च. आत छतापासून जहाजांच्या आकाराचे नवसाचे दिवे टांगलेले, वर बंदराकडे हात पसरून उभी असलेली मेरी. मधल्या कडव्यात येशू खलाशी होऊन येतो तो या चर्चमधून. या दोघांत शरीराचं नातं कधीच नव्हतं, हे दोघांनीही पुढे वेगवेगळ्या मुलाखतींत सांगितलंय. जगभर प्रेमगीत म्हणून गायल्या जाणाऱ्या या गाण्यात प्रत्यक्षात काहीच घडत नाही. चहा, नदी, फिरणं, एवढंच. मला ते आवडलं ते यासाठी.

कोहेन सांगायचा की कॉर्डची रचना आधी तयार होती, बाईचं नाव त्यात मागाहून आलं. हे गाणं माँट्रियालचं आहे एवढं मात्र त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. शब्द आधी कविता म्हणून १९६६ च्या संग्रहात छापले गेले. त्याच वर्षी अमेरिकन गायिका जुडी कॉलिन्सने ते आपल्या रेकॉर्डवर गायलं आणि लोकांच्या कानांवर पडलं ते तिच्या आवाजात. कोहेनची स्वतःची पहिली रेकॉर्ड यायला १९६७ चा डिसेंबर संपत आला होता. तोवर आणखी एक गोष्ट होऊन गेली होती. न्यूयॉर्कमध्ये नवखा असताना त्याने एका कागदावर सही केली आणि ‘सुझॅन’चे हक्क त्याच्या हातातून गेले. आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा मालक तो स्वतः राहिला नाही. यावर त्याचं म्हणणं काय, तर असं गाणं लिहायचं आणि वर त्यावर श्रीमंतही व्हायचं हे बरं दिसलं नसतं, तेव्हा झालं ते योग्यच झालं. ऐकायला हे फार उमदं वाटतं. मी मात्र बँकवाली. मी तो कागद मनात नोंदवून ठेवला, आणि पुढे वर्षभराने तो उपयोगी पडला.

२०२४ च्या संक्रांतीला आमच्या घरच्या बैठकीत मी मराठी ‘सुझॅन’ पहिल्यांदा गायले. साथीला भाचा, त्याची नायलॉनच्या तारांची गिटार. बैठक संपल्यावर तो म्हणाला, “मावशी, यूट्यूबवर टाकून दे. कोण विचारतंय?” मी म्हटलं, “आमच्या बँकेत असं म्हणून कुणी कर्ज उचललं तर?” विषय तेवढ्यावर संपला आणि माझा शोध सुरू झाला.

पहिला प्रश्न कायद्याचा. मला परवानगी लागते तरी का? कोहेन ७ नोव्हेंबर २०१६ रोजी वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो, म्हणजे त्याचे शब्द २०७६ संपेपर्यंत बांधलेले. तोवर मी काही थांबत नाही. मग मला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ३१सी हे कलम सापडलं आणि क्षणभर वाटलं, सुटलो. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पाच वर्षं झाली असली की मालकाला नोटीस देऊन आणि ठरलेलं स्वामित्वधन (रॉयल्टी) आगाऊ भरून कुणीही कव्हर, म्हणजे तेच गाणं आपल्या आवाजात मुद्रित, करू शकतं, असं ते कलम सांगतं. पण पुढे दोन खाचा आहेत. स्वामित्वधन वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशोबाने भरायचं. आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात कसलाही बदल करायचा नाही. मराठी शब्द म्हणजे बदलच. ते दार बंद. भाषांतर करण्याचा हक्क कलम १४ मध्ये मालकाच्या खास हक्कांत स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे मालकाला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे एक गोष्ट सांगते, कारण तिच्यात भले भले अडकतात. आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांची संस्था. परदेशी संस्थांशी तिचे करार असतात, त्यामुळे परदेशी गाणं जाहीर कार्यक्रमात गायचं असेल तर आयोजकाने तिच्याकडून लायसन्स घ्यायचं. पण ते गाण्याचं लायसन्स झालं. भाषांतर करायची मुभा त्यात येत नाही. हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता गायलं तर कलम ५२ मध्ये सवलत आहे, तीही सादरीकरणापुरती. म्हणजे हॉलचं लायसन्स खिशात असलं तरी मराठी शब्दांसाठी प्रकाशकाकडे जावंच लागतं.

संगीताच्या धंद्यात प्रकाशक म्हणजे पुस्तक छापणारा नव्हे. गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क सांभाळणारी कंपनी ती. रेकॉर्ड कंपनी वेगळी, तिच्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क. मी गाणं नव्याने मुद्रित करणार होते, त्यामुळे रेकॉर्ड कंपनीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. हा फरक पहिल्या आठवड्यात कळला तर पुष्कळ पत्रं वाचतात. प्रकाशक शोधायला अमेरिकेतल्या अ‍ॅसकॅप आणि बीएमआय या आयपीआरएससारख्याच संस्थांच्या याद्या इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या आहेत, कॅनडाच्या सोकॅनचीही आहे. नुसतं ‘सुझॅन’ टाकलं तर त्या नावाची इतकी गाणी येतात की डोकं गरगरतं. गीतकाराचं नाव सोबत टाकायचं. मग गाण्याचा टी अक्षराने सुरू होणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेवायचा. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच कामाला येतो. मालकीच्या रकान्यात एकाहून जास्त नावं दिसली तर घाबरायचं नाही. जुन्या गाण्यांचे हक्क हातोहात फिरलेले असतात. कोहेनच्या गाण्यांचा मोठा व्यवहार २०२२ मध्येही झाला होता, त्यामुळे जुन्या लेखांत वाचलेल्या मालकावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता.

फेब्रुवारीत परदेशातल्या पत्त्यावर ईमेल टाकला. उत्तर नाही. मार्चमध्ये आठवण केली. पुन्हा काही नाही. एप्रिलमध्ये एका ओळीचं उत्तर आलं: भारतासाठी आमच्या मुंबईतल्या प्रतिनिधींशी बोला. मोठ्या प्रकाशकांचे इथे उपप्रकाशक असतात आणि भारतातल्या माणसाने सुरुवात तिथूनच केलेली बरी. फोनवर एक तरुण मुलगी होती, फार नीट बोलली. “मॅडम, मराठी भाषांतराची विनंती माझ्याकडे पहिल्यांदाच आलीये, थोडा वेळ लागेल हं,” असं तिने मोकळेपणाने सांगून टाकलं. तो थोडा वेळ म्हणजे दिवाळी, हे तेव्हा तिलाही माहीत नसावं.

मे महिन्यात अर्जाचा नमुना आला. मूळ गाणं, गीतकार, कोणत्या भाषेत, कोण गाणार, कुठल्या माध्यमात, कुठल्या प्रदेशात, किती मुदतीसाठी, पैसे मिळवायचा इरादा आहे का. सोबत मराठी शब्द, रोमन लिपीत त्यांचा उच्चार, आणि मराठीवरून परत ओळीला ओळ इंग्रजी. हे उलट भाषांतर म्हणजे अर्जाचा गाभा. तिकडे बसलेल्या माणसाला मराठी कळत नाही, तो निर्णय घेतो तो या इंग्रजीवर. त्यामुळे ते सुंदर करायच्या फंदात पडू नये, जे लिहिलंय तेच उतरवावं. मी तीन रकाने केले: मूळ ओळ, माझी ओळ, माझ्या ओळीचा सरळ अर्थ. भाच्याची सूचना होती की चर्चच्या जागी माउंट मेरी घाल, नदीच्या जागी माहीमची खाडी, म्हणजे गाणं आपलं होईल. एखाद्याला ते जमूनही जाईल. पण मला गाणं माँट्रियालमध्येच हवं होतं. आणि अर्जात ‘स्थळ, व्यक्ती वा धार्मिक उल्लेख बदलले आहेत का’ असा स्वतंत्र प्रश्न होता, त्यासमोर ‘नाही’ लिहिताना बरं वाटलं.

माध्यमाच्या रकान्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. हवं तेवढंच मागा. मी फक्त ध्वनी मागितला. चित्रफीत जोडायची झाली की तो सिंक्रोनायझेशनचा वेगळा हक्क होतो, त्याचा दर वेगळा, विचारणा वेगळी. यूट्यूबवर एक स्थिर चित्र लावून गाणं टाकायचं तर ते कशात धरणार, हे लेखी विचारून घ्या. मला उत्तर मिळालं की वितरकामार्फत, म्हणजे गाणं अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, मुखपृष्ठासह आपोआप जाणारा ट्रॅक चालेल, स्वतः काढलेला व्हिडिओ चालणार नाही.

अर्जासोबत ‘या भाषेतच का’ असं एका पानाचं टिपण द्यायचं होतं. मराठी लोकांना कविता आवडते वगैरे लिहून पाहिलं, ते मलाच पुळचट वाटलं. मग मला कोहेनची मुंबई आठवली.

हे अनेकांना माहीत नसतं. कोहेन लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात कित्येक वर्षं राहिला होता, १९९६ मध्ये त्याने रीतसर दीक्षाही घेतली होती. १९९९ च्या सुरुवातीला तो मठातून खाली उतरला आणि मुंबईला आला. वय चौसष्ट. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरायचा, सकाळी वॉर्डन रोडच्या बाजूला गमाडिया रोडवर रमेश बाळसेकरांच्या घरी सत्संगाला जायचा, ब्रीच कँडीच्या क्लबात पोहायचा. पुढे काही वर्षं तो पुन्हा पुन्हा येत राहिला. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज. महाराज विडीचं दुकान चालवायचे आणि खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत राहत्या घरी माळ्यावर बसून मराठीत बोलायचे. परदेशातून आलेल्या लोकांना ते इंग्रजीत सांगणाऱ्यांपैकी एक बाळसेकर. १९८१ मध्ये महाराज गेले, पुढे बाळसेकर स्वतः बोलू लागले आणि त्यांच्यासमोर येऊन बसलेल्यांत हा माँट्रियालचा कवी होता.

माझं आजोळ खेतवाडीतलं. महाराजांकडे गोरे लोक यायचे हे आजी सांगायची, त्यात तिला काही विशेष वाटत नसे. अर्ज भरायच्या दिवसांत एका रविवारी मी गमाडिया रोडवर जाऊन आले. बघण्यासारखं काहीच नाही. पार्क केलेल्या गाड्या, वॉचमन, वर वाळत घातलेले कपडे. मी तिथून केम्प्स कॉर्नरपर्यंत चालत गेले, त्याच्या रोजच्या वाटेच्या उलट्या दिशेने. घरी येऊन टिपण एका बैठकीत लिहिलं: या माणसाने उतारवयात जे ऐकलं ते मुळात मराठीत बोललं गेलं होतं, इंग्रजीतून त्याच्यापर्यंत पोहोचलं. आता त्याचं एक गाणं उलट वाटेने मराठीत येऊ द्या. खाली नाव, सही.

जूनमध्ये सगळं एका पीडीएफमध्ये बांधून पाठवलं. सुट्या फाइली पाठवू नका, त्या पुढे सरकताना हरवतात. डेमो लागतो, पण मोबाइलवर केलेला चालतो. त्यावर स्टुडिओचा खर्च मुळीच करू नये. होकार येण्याआधी पक्कं ध्वनिमुद्रण करून बसलेले आणि मग नकार आलेले लोक मला या वर्षात भेटले.

मग पावसाळा गेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एक छोटा ईमेल टाकायची, विषयाच्या ओळीत गाण्याचं नाव, क्रमांक, ‘मराठी’ आणि जूनची तारीख. फोन करायचा मोह आवरला. गणपती बसले त्या आठवड्यात तिकडून दोन ओळींबद्दल शंका आली. एका ठिकाणी मी मात्रा भरायला एक विशेषण जास्तीचं घातलं होतं, ते का, असा प्रश्न. प्रामाणिकपणे लिहिलं की चालीत जागा उरत होती म्हणून. त्यांनी ते काढायला सांगितलं. मी त्या जागी सूर लांबवला आणि खरं सांगायचं तर ओळ सुधारली. दुसऱ्या ओळीचं स्पष्टीकरण त्यांना पटलं.

दिवाळी उरकली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तत्त्वतः होकार आला. बँकेतच होते, काउंटरवर रांग होती. आनंद करायला जेवणाची सुटी होईपर्यंत थांबावं लागलं.

कराराचा मसुदा डिसेंबरमध्ये आला आणि माझा उत्साह मावळला. मुदत पाच वर्षं, आगाऊ रक्कम पंचवीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,५००. हे अपेक्षेत होतं. सातव्या कलमात लिहिलं होतं की मराठी शब्दांचे सर्व हक्क, संपूर्ण जगासाठी, हक्काच्या पूर्ण मुदतीपर्यंत, मूळ प्रकाशकाकडे जातील आणि भाषांतरकाराला त्यापोटी कोणतीही रक्कम देय राहणार नाही. म्हणजे परवानगी पाच वर्षांची, आणि माझे शब्द त्यांचे कायमचे. न्यूयॉर्कचा तो कागद आता माझ्या टेबलावर होता.

एका ओळखीच्या वकीलबाईंना दाखवला. तीन हजार घेतले आणि तासभर बसून प्रत्येक कलम समजावलं. भाषांतराचे हक्क मूळ मालकाकडे जाणं ही या धंद्यातली जगभरची रीत आहे, त्यावर भांडून उपयोग नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. नाहीतर उद्या भाषांतरकारच मूळ गाण्याच्या वाटेत अडसर होऊन बसेल, ही मालकांची भीती. पण पैशाचा भाग वेगळा आहे. २०१२ मध्ये आपला कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली होती, ती हीच दुरुस्ती. तेव्हापासून कलम १८ सांगतं की ध्वनिमुद्रणात घेतलेल्या शब्दांच्या वा संगीताच्या कर्त्याला स्वामित्वधनातला समान वाटा मिळण्याचा आपला हक्क सोडून देता येत नाही. द्यायचाच तर वारसाला किंवा वसुलीसाठी आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला. कराराने मालकी देता येते, हा हक्क देता येत नाही. जाता जाता वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं, ते सगळ्यांच्याच कामाचं आहे: हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. आमच्या मसुद्यात दोन्ही चोख लिहिलेलं होतं, त्यामुळे मला त्याचा फायदा नव्हता.

भाचा म्हणाला, “मावशी, सोड ना आता, सही कर. एवढं कोण कमावणारे त्यातून?” मुद्दा बरोबर होता. पण मला ते वाक्य माझ्या सहीच्या वर नको होतं. मी मुंबईच्या मुलीला सविनय ईमेल लिहिला. मालकीला हरकत नाही. कलम १८ च्या विरोधात जाणारं वाक्य काढावं, मराठी शब्दांची कर्ती म्हणून सर्वत्र नाव असावं, सोसायटीच्या नियमांप्रमाणे उपगीतकाराचा, म्हणजे भाषांतर करणाऱ्याचा, जो वाटा बसेल तो नोंदवावा, आणि विनामूल्य बैठकींत मला हे शब्द गाता-वाचता यावेत. सोबत कलमाची प्रत. आवाज कुठेही चढवला नाही.

जानेवारी २०२५ अखेर उत्तर आलं. नाव मान्य. ते वाक्य बदललं, आता ‘लागू कायद्यानुसार देय असेल ते वगळता’ अशी पुस्ती आली. वाटा सोसायटीच्या नियमांवर सोडला. बैठका मान्य. शब्द छापायला मात्र साफ नकार, पुस्तकात नाही, पडद्यावर नाही. म्हणून हा लेख शब्दांशिवाय आहे.

करार पाचशेच्या स्टॅम्पवर झाला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराचा जमाना संपला, त्याआधीच्या माहितीवर जाऊ नका. फेब्रुवारीत दोन प्रतींवर सह्या झाल्या. प्रत्येक पानावर करा, परिशिष्टावरही, कारण शब्द परिशिष्टातच असतात. आणि परवानगीपत्रावर आपलं नाव पॅनकार्डाप्रमाणे अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते सही करण्याआधी पाहा. माझ्या पॅनवर मधलं नाव आहे, परवानगीपत्रात ते नव्हतं. वितरक कंपनीने गाणं त्यावरून परत पाठवलं आणि नवं पत्र येईपर्यंत एप्रिलचा उरलेला भाग गेला.

ध्वनिमुद्रण मार्चमध्ये ठाण्याच्या एका छोट्या स्टुडिओत केलं. मूळ गाणं ई मेजरमध्ये आहे, आपल्या भाषेत पांढरी तीन. मला ते खाली जातं, म्हणून गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी पट्टी) लावून पांढरी पाच केली. बोटांची छेड तीच ठेवली. कोहेनने २०११ मध्ये स्पेनला पुरस्कार घेताना सांगितलं होतं की माँट्रियालमधल्या एका स्पॅनिश तरुणाने त्याला सहा कॉर्डची एक रचना शिकवली, तीन धडे झाले, चौथ्याला तो तरुण आलाच नाही. त्याने जीव दिला होता. आपली सगळी गाणी त्या सहा कॉर्डवर उभी आहेत, असं कोहेन म्हणाला. भाच्याला मी हे मुद्रणाच्या आदल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा हळू वाजवत होता. काही बोलले नाही, चांगलं लागत होतं.

माझा गळा मात्र पहिल्या तासात लागेना. घरच्या बैठकीत जे सहज येतं ते काचेच्या खोलीत, कानात स्वतःचाच आवाज ऐकत, येत नाही. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये कोहेन ‘सुझॅन’ अर्धवट सोडून मंचावरून निघून गेला होता. जुडी कॉलिन्स त्याला परत घेऊन आली आणि दोघांनी मिळून गाणं पुरं केलं. हे आठवून मी हेडफोनचा एक कान उघडा ठेवला आणि भाच्याला काचेआडून आत बोलावलं. समोरासमोर बसून जे गायले तेच घेतलं. एके ठिकाणी खुर्ची करकरते. मिक्सिंग करणाऱ्याने ती काढून टाकायची तयारी दाखवली, मी राहू दिली. स्टुडिओ आणि मिक्सिंग मिळून चौदा हजार.

वितरकाचे वर्षाचे पंधराशे. फॉर्ममध्ये ‘मूळ’, ‘कव्हर’ असे पर्याय असतात. भाषांतराला ‘रूपांतर’ किंवा तत्सम पर्याय शोधा आणि परवानगीपत्र जोडा. ‘मूळ’वर खूण केलीत तर पुढे हक्काचा दावा लागतो. गीतकार व संगीतकार म्हणून कोहेन, मराठी शब्दांसाठी तुम्ही. ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी क्रमांक बहुतेक वितरक स्वतःच देतात. नव्या पत्रासह मे महिन्यात पुन्हा पाठवलं आणि जूनमध्ये गाणं आलं.

सगळा खर्च अठ्ठेचाळीस हजार पाचशे. आलेली रक्कम अजून स्टॅम्प पेपरच्या किमतीपर्यंत पोहोचलेली नाही. हे आकडे एका गाण्याचे, एका प्रकाशकाचे आहेत. दुसऱ्या गाण्याला नकारही येऊ शकतो, त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन गाण्यांसाठी विचारून ठेवा.

माझी परवानगी फेब्रुवारी २०३० मध्ये संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी सहा महिने द्यायचा आहे, तारीख बँकेच्या डायरीत आहे. तोवर कुणाला अर्जाचा तीन रकान्यांचा नमुना हवा असेल तर कोरा पाठवीन. भरलेला मागू नका, त्यातला मधला रकाना आता माझा नाही.